क्रुसावरची वरची ओळ

पाणी घोट्याला लागलं आणि मी तिथंच थांबले.

“ये बाळ,” कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले पास्टर भानुदास म्हणाले. “आणखी चारच पायऱ्या.”

त्यांतल्या दोनच मला दिसत होत्या. त्यांच्याखाली गढूळ हिरवं पाणी होतं आणि ते गप्प उभं नव्हतं. कडेला तरंगणारी काटकी नजर फिरवेपर्यंत पार खालच्या पुलाकडे निघून जात होती. मी आईचं पांढरं पातळ नेसले होते, फुगू नये म्हणून त्याला जागोजाग पिना लावल्या होत्या. काठावर मंडळीतली माणसं टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. आई सगळ्यांच्या पुढं उभी होती, पण ती गात नव्हती. माझ्याकडे बघून फक्त मान हलवत होती, जा, जा.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, दवाखान्याच्या वासाला भिते. पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. ह्याच कालव्यात, खालच्या त्या पुलाच्या जाळीला अडकलेले माझे वडील पाच महिन्यांपूर्वी लोकांनी बाहेर काढले होते.

आमचा भाग कोरडा. नदी नावापुरती, विहिरींचा तळ दिसलेला. धरणातून पाणी सोडलं की कालवा वाहायचा, त्याला आवर्तन म्हणतात. एरवी त्यात शेरडं फिरायची. आणि आमची मंडळी बुडवून बाप्तिस्मा देणारी. शहरातल्या जुन्या चर्चमध्ये कपाळावर पाणी शिंपडतात, ते पास्टर भानुदासांना मान्य नव्हतं. माणूस पुरता पाण्याखाली गेला पाहिजे, म्हणजे जुना माणूस तिथं मेला आणि नवा वर आला. त्यामुळे आमच्याकडे आत्म्याचं तारण आवर्तनाच्या वेळापत्रकावर चालायचं. हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे.

बाबा, म्हणजे रंगनाथ शिरसाठ, मोटरी दुरुस्त करायचे. तीन वर्षं ते दर रविवारी मंडळीत येत होते, प्रार्थना करत होते, दारू तर पहिल्याच वर्षी सुटली होती. आईनं लगेच बाप्तिस्मा घेतला. बाबांचा राहत गेला. पाणी आलं की मोटरी चालू व्हायच्या आणि मोटरी चालू झाल्या की बिघडायच्या, त्यामुळे आवर्तनाचे दिवस म्हणजे त्यांच्या कामाचे दिवस. पास्टरांनी टोकलं की बाबा हसून म्हणायचे, “पास्टर, येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराला कुणी कालव्यावर नेलं होतं? तो तर थेट स्वर्गात गेला.”

“त्याचे हातपाय खिळ्यांनी ठोकले होते, रंगनाथ,” पास्टर म्हणायचे. “तुझे कुणी ठोकलेत?”

ह्यावर बाबा पान्हा उचलून कामाला निघायचे. शेवटी त्यांनी बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं, आवर्तनाचा पहिला रविवार. पाणी आलं गुरुवारी. शुक्रवारी एका शेतकऱ्याची मोटर पाणी ओढेना म्हणून बाबा पाइपाच्या तोंडाशी असलेली झडप, फूटव्हॉल, साफ करायला कालव्यात उतरले, आणि त्यांचा पाय निसटला.

आमच्या मंडळीच्या दफनभूमीत क्रुसावर जन्मतारीख लिहीत नसत. माणसाचा खरा जन्म पाण्यात होतो, अशी पास्टरांची शिकवण. म्हणून नावाखाली दोनच ओळी असायच्या, वरच्या ओळीत बाप्तिस्म्याची तारीख आणि खालच्या ओळीत मरणाची. बाबांना कुंपणाच्या बाभळीखाली मूठमाती दिली आणि क्रूस लावला नाही. वरच्या ओळीत लिहायला काही नव्हतं.

मातीच्या दिवशी मी पास्टरांना विचारलं होतं, “बाबा पाण्यात बुडूनच गेले ना? पूर्ण पाण्याखाली गेले. मग ते पाणी धरायचं नाही का?”

त्यांनी हातावरची माती झटकली. मग म्हणाले, “नाव कुणी घेतलं, बाळ? पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं? नाव घेतल्याशिवाय ते नुसतं बुडणं.”

आईनं हळू आवाजात विचारलं, “मग त्ये आता कुठं हायेत?”

“शास्त्र स्पष्ट आहे, सुभद्राताई,” पास्टर म्हणाले. “पाण्यानं आणि आत्म्यानं जो नव्यानं जन्मला नाही, त्याला देवाच्या राज्यात आत प्रवेश नाही. मला वाईट वाटतं. पण मी खोटं सांगू शकत नाही.”

त्यानंतर आई चुलीपुढं नीट बसली नाही. तवा तापला, खालून जाळ दिसला की तिचे हात थांबायचे. एकदा भाकरीची कड जळली तर ती उठून मागच्या दारी गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिला काय दिसत होतं ते विचारायची गरज नव्हती. मलाही रात्री तेच दिसायचं. बाबा, आणि त्यांच्या भोवती नरकाची आग, आणि ते नेहमीसारखे हसत नाहीत.

“तुझ्या बापाचं झालं ते झालं,” नवीन आवर्तन सुटल्याची बातमी आली तेव्हा आई म्हणाली. “तुझं मला तसं व्हाया नको. ह्या रविवारी तू पाण्यात उतरायचं.”

“आई, मला त्या पाण्याचं भ्या वाटतं.”

“मला त्या आगीचं वाटतं,” ती म्हणाली.

तर अशी मी त्या पायरीवर उभी होते. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला आग. वय एकोणीस.

माझ्याआधी दोघांचे बाप्तिस्मे झाले होते. कालव्याचा पाटकरी सायकल थांबवून काठावरून ओरडून गेला होता, “उरका लवकर, कालव्याच्या शेपटाकडच्या गावांसाठी गेट वाढवलंय. पाणी चढंल आता.” पास्टरांनी हात वर करून त्याला बरं म्हटलं आणि मला बोलावलं. त्यांच्या खालच्या अंगाला शांतवनकाका उभे असायचे, आडदांड माणूस, कुणी घसरलं तर धरायला. पण आधीच्या म्हाताऱ्या बाईला थंडी भरली म्हणून ते तिला उचलून वर घेऊन गेले होते. ते येईपर्यंत थांबू, असं कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मला ते लवकर संपवायचं होतं.

मी उतरले. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला आलं. बर्फासारखं नव्हतं, पण मला हुडहुडी भरली होती आणि दात वाजत होते. पास्टरांनी माझे दोन्ही हात छातीवर दुमडून ठेवले, एक तळहात पाठीला लावला.

“विश्वास धरतेस?”

“हो.”

“मग घाबरायचं काय? डोळे मिट. मी धरलंय.”

त्यांनी घडी केलेला रुमाल माझ्या नाकावर ठेवला आणि मोठ्यानं सुरू केलं, “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या...”

रुमाल नाकाला लागला आणि माझा श्वास अडला. मला एवढंच आठवलं की बाबांनाही असाच शेवटचा श्वास घेता आला नसेल. मी दोन्ही हात सोडवले आणि पास्टरांच्या गळ्याला मिठी मारली. माझं सगळं वजन त्यांच्यावर गेलं. पायरीवर शेवाळ होतं. मला त्यांचा पाय सरकलेला कळला आणि मग वर आकाश नव्हतं.

पाण्याखाली काय झालं ते मला सांगता यायचं नाही. कानात नुसता घूं घूं आवाज होता. तोंडात माती आली. कोणीतरी माझा पदर ओढत होतं, पिना तटातट निघत होत्या. एकदा डोकं वर आलं तेव्हा काठावरची माणसं आमच्याबरोबर पळताना दिसली, मग ती मागं पडली. ह्या कालव्याला सिमेंटचं अस्तर होतं, गुळगुळीत आणि उतरतं, त्यावर नख सुद्धा टिकत नाही. मी दोनदा हात मारला आणि दोनदा घसरले. तिसऱ्यांदा हाताला काहीतरी जाड, काळं, गोल लागलं. मोटरीचा पाइप होता. शेतकऱ्यांनी चोरून कालव्यात सोडलेले असे पाइप जागोजाग असायचे, वर काठावरच्या खुंटाला तारेनं आवळून बांधलेले. मी त्याला काखेत घेऊन घट्ट धरलं.

ती तार बाबांनी आवळलेली होती की नाही, मला माहीत नाही. आमच्या भागातल्या निम्म्या मोटरी त्यांनीच बसवल्या होत्या.

पदराला अजून ओढ होती. मी वळून बघितलं तर पदराच्या टोकाला पास्टर भानुदास होते. मी मोकळ्या हातानं पदर खेचला, त्यांनी हात लांबवून पाइप धरला. आता ते माझ्या खालच्या अंगाला, पाण्यात हनुवटीपर्यंत. चश्मा गेला होता. चश्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, तो एखाद्या शाळकरी मुलासारखा दिसत होता.

“हात सोडू नको, विमल,” ते म्हणाले.

“तुम्हाला पोहता येतं ना?”

“नाही.”

“इतकी वर्षं पाण्यात उभे राहता आणि...”

“उभाच राहतो,” ते म्हणाले.

वरून शांतवनकाकांचा आवाज आला. ते काठावर पालथे पडून हात खाली सोडत होते, पण तो हात आमच्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढा तरी वर होता. “पास्टर, धरून ठेवा! मळ्यातनं दोर आणायला माणूस पळालाय! धरून ठेवा!”

पाणी चढत होतं. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण मघाशी पाइपाचा जो सांधा माझ्या खांद्यापाशी होता तो आता पाण्याखाली गेला होता. मी मोठमोठ्यानं रडत होते. मला वाटलं, आता पास्टर प्रार्थना म्हणतील आणि मीही त्यांच्यामागं म्हणेन. दर रविवारी त्यांचा आवाज भोंग्याशिवाय वेशीपर्यंत जायचा.

त्यांनी प्रार्थना केली नाही. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि खालचा जबडा एकसारखा थरथरत होता. मी भित्री असल्यामुळे भीती मला लांबून ओळखू येते. हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

“पास्टर, दोर येतोय,” मी म्हणाले.

“नाही यायचा. वेळेत नाही यायचा.” आणि मग ते म्हणाले, “विमल, मी मेलो तर आत जाणार नाही.”

“कुठं आत?”

“माझा बाप्तिस्मा झालेला नाही.”

मला वाटलं, पाण्यानं त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. “तुमचा? तुम्हीच तर सगळ्यांना...”

“सगळ्यांना मी बुडवलं. मला कुणी बुडवलंच नाही.” ते धापा टाकत, पाणी थुंकत बोलत होते. “माझ्या गावात कुणी ख्रिस्ती नव्हतं. विश्वास आला तो एकट्यालाच आला. शहरात जाऊन पाद्रीसाहेबांना म्हटलं, मला बाप्तिस्मा द्या. ते म्हणाले, सहा महिने शिक, मग ये. मी परत आलो. गावात बोलायला लागलो. माणसं जमायला लागली. ती म्हणाली, आम्हाला द्या. तळ्याला पाणी होतं. मी दिला. म्हटलं, आपला नंतर बघू.”

“मग?”

“मग कुणाला सांगू? ज्यांना मी दिला त्यांना? की बाबांनो, मला द्या, मी अजून बाहेरच आहे? एक वर्ष गेलं, दोन गेली. मंडळी वाढली. जेवढं भ्या वाटायचं तेवढा मी मोठ्यानं बोलायचो. पाण्याशिवाय कुणी आत नाही, कुणी नाही. ते मी मलाच सांगत होतो.”

एक लाट आली आणि त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा ते रडत होते. मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता, बाबांच्या मातीला माझे चुलते रडले होते तेही असे नाही.

“तू दे,” ते म्हणाले.

“काय?”

“बाप्तिस्मा. मला तू दे.”

“मला? मलाच अजून झालेला नाही. तुमचं निम्मंच बोलून झालं होतं.”

“दुसरं कोण आहे इथं?”

हे खरं होतं. वर शांतवनकाका ओरडत होते, त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. खाली मी होते, मी गळ्यात पडून पाण्यात ओढलेला हा माणूस होता, आणि पाणी होतं.

मला राग आला. आजही मला त्याचं नवल वाटतं, कारण इतक्या भीतीत रागाला जागा कुठं असते? पण तो आला. पाच महिने माझी आई तव्यापुढं हात आखडून बसत होती, त्याचा.

“आधी मला सांगा,” मी म्हणाले, “माझे बाबा कुठं आहेत?”

त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं.

“सांगा ना. शास्त्र स्पष्ट आहे म्हणाला होतात.”

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“माहीत नाही? मग आईला का सांगितलं तसं?”

“कारण रंगनाथ आत गेला असला...” त्यांनी पाइपावरची पकड बदलली. मग बोलले. “तो पाण्याशिवाय आत गेला असला, तर मी इतकी वर्षं उगाच भ्यालो. आणि तो बाहेर असला तर मीही बाहेर. मला दोन्ही सोसेना. मग मी पुस्तकात होतं ते म्हणालो.”

पाणी आता माझ्या गळ्याला होतं. ज्या काखेत पाइप धरला होता तो हात बधिर झाला होता. त्यांना पाण्याखाली दाबायचं म्हणजे मला दुसरा हात पाइपावरून काढावा लागणार होता, आणि तो हात काढायची माझी हिंमत नव्हती. मी दोन्ही गोष्टींना भीत होते. हात काढला आणि आपण गेलो तर? नाही काढला आणि हा माणूस असाच गेला तर? मी बाबांना विचारू शकले असते तर ते काय म्हणाले असते, तेवढं मात्र मला लगेच कळलं. बाबा म्हणाले असते, अगं, माणूस घाबरलाय ना, मग दे की.

मी हात काढला. तो त्यांच्या डोक्यावर ठेवला. केस विरळ होते आणि त्यांखाली डोकं गरम होतं, त्या गार पाण्यातही.

“विश्वास धरता?” मी विचारलं. पुढं काय विचारायचं ते मला येत नव्हतं.

“धरतो.”

“मी तुम्हाला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.”

आणि मी त्यांना दाबलं. डोकं पाण्याखाली गेलं. बुडबुडे आले. आता हे वर येणार नाहीत, बाबांसारखेच राहतील, असं मला वाटलं आणि मी त्यांचे केस मुठीत धरून वर ओढलं. ते वर आले. खोकले, ओकले, श्वास घेतला. त्यांचा जबडा थरथरायचा थांबला होता. ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, पण माझ्या कानात पाणी होतं, मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर लगेच दोर आला. किती लगेच, ते मला सांगता येणार नाही, भीतीत वेळ कळत नाही. आधी मला वर ओढलं, सिमेंटवर घासून माझे गुडघे सोलवटले. मग त्यांना. मंडळी हालेलुया म्हणत होती, शांतवनकाका लहान मुलासारखे हुंदके देत होते. आई पळत आली. तिनं मला जवळ घेतलं नाही, आधी माझे दोन्ही गाल धरले आणि पास्टरांना विचारलं, “हिचा झाला का? पुरा झाला का?”

पास्टर जमिनीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“पाण्यातनं वर आली ना, सुभद्राताई,” ते म्हणाले. “आता काही विचारू नका.”

आमचं घर तिथून सगळ्यांत जवळ होतं, म्हणून त्यांना आमच्याकडेच आणलं. आईनं ट्रंकेतून बाबांचा शर्ट आणि लेंगा काढून दिला. बाबा उंच, पास्टर ठेंगणे. बाह्या दुमडून ते आमच्या ओट्यावर बसले, हातात चहाचा पेला धरून, आणि आई उंबऱ्यात बसून त्या शर्टाकडे बघत राहिली. बाकीची माणसं गेल्यावर ते म्हणाले, “ताई, रंगनाथबद्दल मी जे बोललो ते माझं चुकलं.”

“शास्त्र बदललं का?”

“शास्त्र आहे तेच आहे. मी घाबरून वाचत होतो.”

आईला ते कळलं नाही. तिनं मला नंतर विचारलं, तिकडं पाइपाशी काय बोलणं झालं? मी म्हणाले, काही नाही, दोर येईपर्यंत धीर देत होतो एकमेकांना. ते खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायची. आमच्याकडे बाप्तिस्मा न झालेल्यांपुढून भाकरीचं ताट तसंच पुढं जायचं. मी बाकावर खाली बघत बसले. ताट माझ्यापाशी आलं आणि थांबलं. मान वर केली तर ते स्वतः पास्टरांच्या हातात होतं, आणि त्यांचा हात स्थिर होता.

“घे,” ते म्हणाले.

“माझं निम्मंच...” मी पुटपुटले.

“घे, विमल.”

मी घेतलं. तेव्हापासून घेते आहे. पुन्हा कालव्यावर ये, असं ते मला कधी म्हणाले नाहीत.

मग एका दुपारी ते घरी आले आणि आईला म्हणाले, “दफनभूमीत येता का? काम आहे.” खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आई चपला न घालताच निघाली. बाभळीखाली त्यांनी पोतं सोडलं. आत सुताराकडून करून आणलेला क्रूस होता, पांढरा रंगवलेला. अक्षरं त्यांनी स्वतः काढली असावीत, कारण ती एका बाजूला कलली होती.

आईला वाचता येत नव्हतं. “काय लिवलंय?” तिनं मला विचारलं.

मी वाचलं, “रंगनाथ गोविंद शिरसाठ.” मग वरची ओळ वाचली. मग खालची. आणि थांबले.

“काय गं?”

“दोन्ही ओळींत एकच तारीख आहे.”

“कोणती?”

“ते गेले ती. शुक्रवारची.”

आई पास्टरांकडे वळली. मला वाटलं होतं ती रडेल, पण आपली फसवणूक तर होत नाही ना, अशी मोठी भीती तिच्या चेहऱ्यावर होती. “तुम्हीच म्हणला व्हता, नाव घ्यावं लागतं. पाण्यात त्यांच्यापाशी कोण व्हतं नाव घ्यायला?”

“मला माहीत नाही, ताई,” पास्टर म्हणाले. “मी तिथं नव्हतो. मी नव्हतो म्हणजे कुणीच नव्हतं, असं मी धरून बसलो होतो.”

आई क्रुसापुढं बसली. मग तिनं पदरानं क्रुसाचं धूळ नसलेलं लाकूड पुसलं, वरची ओळ पुसली, खालची ओळ पुसली. त्या संध्याकाळी तिनं भाकऱ्या केल्या आणि तव्याखालचा जाळ स्वतः पुढं सारला. मी दारात उभी राहून बघत होते. तिनं विचारलं, “काय बघती? पीठ दे.”

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आई आता बाबांशेजारीच, बाभळीखाली आहे. गेल्या उन्हाळ्यात पास्टर भानुदास गेले, अंथरुणात, शांतपणे. क्रुसावर काय लिहायचं ते विचारायला मंडळीतली माणसं माझ्याकडे आली, कारण आता जुन्यांपैकी मीच उरले आहे. मी त्यांना वरच्या ओळीसाठी तारीख दिली. नवे पास्टर शिकलेले, चौकस आहेत. ते म्हणाले, “ताई, काहीतरी चुकतंय. त्याच्या कितीतरी आधीपासून ते बाप्तिस्मे देत होते. तुम्हाला नक्की माहीत आहे का?”

“नक्की,” मी म्हणाले. “मी तिथं होते.”